बुधवार आणि रविवार, पाच ते सात

अमरसिंगनं सकाळीच फेटा बांधला तेव्हा बिजलीबाईला कळलं की हा माणूस आता ऐकायचा नाही. फेटा तो लग्नाला बांधायचा, मयतीला बांधायचा, आणि तांड्याचा कारभारी होता तेव्हा नसाबला बांधायचा. कारभारीपण रामलालकडे जाऊन बरीच वर्षं लोटली होती. रुबाब मात्र अमरसिंगनं कोणाच्या स्वाधीन केला नव्हता.

"कुठं निघाले?" तिनं चुलीपुढूनच विचारलं.

"धावजी नायकाकडं. नसाब बसवतो."

"कोनावर?"

"तुह्या सुनेवर. आन् तुह्या लाडक्या लेकावर."

बिजलीबाईच्या हातातली भाकर तव्यावर वाकडी पडली. नसाब म्हणजे तांड्याच्या नायकापुढे, प्रमुखापुढे बसणारी पंचायत. शेताच्या धुऱ्यावरून बसते, मोडलेल्या सोयरिकीवरून बसते. घरच्या सुनेवर नसाब बसवलेला तिनं तरी जन्मात पाहिला नव्हता.

"लोक शेण घालतीन तोंडात. घरातली गोष्ट घरात भांडा ना. मी भांडून राह्यली तर दोन दिवसांपासून."

"भांडून काय भेटलं तुले? कुलूप." त्यानं काठी उचलली. "भारतले फोन केला. तो बी निघाला पांढरकवड्याहून. आज काय ते होऊनच जाईन."

कुलूप मात्र खरं होतं. समोर, गल्लीच्या पलीकडे, संजयच्या घराच्या लोखंडी फाटकाला ते लटकत होतं. दोन्ही घरांच्या मधली गल्ली बैलगाडी जेमतेम जाईल एवढीच, आणि तिच्या पलीकडून निरोप आला होता : आधी फोन करायचा, मग लेकरांना भेटायचं.

"गल्लीच्या पलीकडं फोन," बिजलीबाई स्वतःशीच पुटपुटली. तिच्याकडे एक छोटा मोबाइल होता, पण त्यात संजयच्या घरचा नंबरच नव्हता. कशाला असेल? नातवंडांना हाक मारली की ती येत, आणि न मारताही येत.

भांडणाचं मूळ शनिवारचं. राखीला कळंबला सराव परीक्षेला जायचं होतं. पोर पाचवीत, आणि जयाचा सगळा जीव तिच्या नवोदयच्या परीक्षेत अडकलेला. राखी दप्तर घेऊन गल्लीत क्लासच्या गाडीची वाट पाहत उभी होती. तेवढ्यात बिजलीबाई टोपली घेऊन बाहेर पडली, नात दिसली आणि म्हणाली, "आव छोरी, वारुळाची माती आनू." तीज जवळ आली होती. तांड्यातल्या कुंवार पोरी तीजेला टोपल्यांत गहू पेरतात, त्याला वारुळाची माती लागते, आणि ती आधीच आणून चाळून ठेवावी लागते. राखीची ही पहिलीच तीज. तिनं दप्तर आजीच्या ओट्यावर टाकलं आणि निघाली. परीक्षा आहे हे आजीला माहीत नव्हतं, आणि नातीला ते आठवायचं नव्हतं. वारुळावरून दोघी नाल्यावर गेल्या, नाल्यावरून शेतात, आणि ऊन चढल्यावर मातीनं माखून, हसत परत आल्या. तोवर गाडी निघून गेली होती, परीक्षा बुडाली होती, आणि जयाचा हाका मारमारून घसा बसला होता.

गल्लीतच दोघी सासू-सुना अशा भांडल्या की कुत्रीसुद्धा बाजूला झाली.

*

भारत आला तो आधी संजयच्या घरी. जयानं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि चहा ठेवला. भारत तिचा जेठ. धाकट्या भावाच्या बायकोशी तो सरळ बोलत नसे. तिला जे ऐकवायचं ते तो संजयला ऐकवायचा, आणि जयाला जे उत्तर द्यायचं ते ती भिंतीला द्यायची. हे इतकी वर्षं असंच चाललं होतं.

"संजय, तुले काही लाज हाय का?" भारतनं बसायच्या आत सुरुवात केली. आईला दोघं भाऊ तांड्याच्या रीतीनं याडी म्हणत. "याडी गल्लीत रडून राह्यली म्हणे. आन् तू कारखान्यात ड्युटी करून राह्यला."

"मी लोहाऱ्याले होतो, दादा. मले काय माहीत घरी काय झालं ते. रात्री आलो तं कुलूप."

"तोडाचं होतं."

"माह्याच घराचं कुलूप तोडू?"

जया चहा गाळत होती. गाळणी तिनं अशी आपटली की दोघंही गप्प झाले.

"कोणी हे इचारलं का," ती भिंतीला म्हणाली, "का पोरीची परीक्षा बुडाली, ते कोनाच्या पायी?"

"एका परीक्षेनं काय होते?" भारतनं संजयला विचारलं.

"एका परीक्षेनंच होते. माह्या मायबापानं मले सातवीतून काढलं. ऊसतोडीले गेले तं घरी लहान्यायले कोन पाहीन, म्हणून. तवा बी सगळे म्हनत होते, एका वर्षानं काय होते."

भारत खिशातला मोबाइल काढून पाहू लागला. त्याची स्वतःची दोन मुलं पांढरकवड्याला इंग्रजी शाळेत होती, आणि हायवेवरचं टायरचं दुकान तो त्यांच्या शाळेसाठीच रात्रीपर्यंत उघडं ठेवायचा. हे त्याला इथे कबूल करायचं नव्हतं.

"जया," संजय हळूच म्हणाला, "एकदा माफी माग ना याडीले. इषय संपला."

"मी मागू?"

"मोठी हाय ते."

जया नवऱ्याकडे पाहत राहिली. तिला त्या क्षणी त्याचा भारी राग आला, सासूचा आला नव्हता इतका. शनिवारी सकाळी तिच्यावर काय गुदरलं ते तिनं त्याला सांगितलेलं नव्हतं. त्यानंही विचारलं नव्हतं. परीक्षेचंच दुःख आहे असं सगळ्यांनी धरून चाललं होतं, आणि तिनंही तसंच चालू दिलं होतं, कारण ते दुसरं तिला आठवायचंसुद्धा नव्हतं.

बाहेर रामलाल कारभारी हाक देत आला. "संजय, चाल गा. नायकानं बलावलं."

*

धावजी नायकाच्या ओट्यावर सतरंजी पडली. पुरुष बसले. नसाबमध्ये बायांनी बसायचं नाही, हा जुना नियम. कोणी केला ते कोणाला ठाऊक नाही आणि बदलायचं कोणाच्या मनात नाही. म्हणून जिच्या नावानं नसाब बसला ती बिजलीबाई, आणि जिच्यावर बसला ती जया, दोघी आतल्या खोलीत दाराआड बसल्या. जागा एवढीच होती की गुडघ्याला गुडघा लागत होता. दोघींनी माना विरुद्ध दिशांना वळवल्या.

बाहेर अमरसिंगनं घसा खाकरला.

"पंचायले माहं म्हननं एकच हाय. नातवंडांवर आजाआजीचा हक्क हाय का नाही?"

"हाय," धावजी म्हणाला. तो सरळ माणूस होता, आणि सरळ माणसाला प्रत्येक भांडणाचे दोन सारखे तुकडे करायची घाई असते. "कोन नाही म्हनते?"

"मंग तो हक्क ठरवून द्या. रोजची किरकिर नको."

"संजय, तुहं काय?"

"माहं काहीच नाही, नायक." संजय सतरंजीची दशी ओढत होता. "लेकरं भेटावी हे बरोबरच हाय. फक्त अभ्यास झाला पाह्यजे. जयाचं तेवढंच म्हननं हाय."

"मंग सोपं हाय," रामलाल म्हणाला. "रविवार पुरा आजाआजीले द्या."

"रविवारी सकाळी क्लास राह्यते."

"मंग संध्याकाळ. पाच ते सात."

"एकच दिवस?" भारत उसळला. "रोज समोर राह्यनारी पोरं आन् हप्त्यातून एकदा? अजून एक वार पाह्यजे."

"बुधवार घ्या."

"बुधवारी चालते," संजय म्हणाला. "बुधवारी होमवर्क कमी राह्यते."

अमरसिंग खूश झाला. आपण मागितलं आणि मिळालं, हे त्याला फार दिवसांनी अनुभवायला मिळत होतं. "लिहून नाही, पन पंचायचा शब्द झाला पाह्यजे," तो म्हणाला.

"मंग उन्हाळ्याचं बी ठरवून घ्या," भारत पुढे सरकला. "माही पोरं मे महिन्यात इथं धाडतो. तवा संजयच्या पोरायनं तिथंच घोटाळू नये. माह्या पोरायले बी आजाआजी हाय."

"आता हे काय नवीन?" संजयनं मान वर केली. "तू तं भांडन मिटवाले आला होता."

"मी याडीच्या अंगानं आलो होतो."

"मंग याडीचंच बोल ना. तुहं काहून घुसवतं?"

दोघे भाऊ एकमेकांवर आवाज चढवू लागले. रामलालनं हात आडवा केला.

दाराआड बिजलीबाईचं डोकं तापत चाललं होतं. "बैलबाजार भरवला का हितं?" ती दातओठ खात पुटपुटली. "बुधवार घ्या म्हने."

"तुमाले हेच पाह्यजे होतं ना," जया तिच्याकडे न पाहता म्हणाली.

"मले? नसाब त्यायनं बसवला. मी नको म्हनत होती."

"मले बी कुठं पाह्यजे होतं? मी एवढंच म्हनलं, सांगून न्या."

"कुलूप लावून म्हनतेत का असं?"

जयाची मान आता वळली. पदराखालून तिचे डोळे लाल दिसत होते.

"दप्तर ओट्यावर होतं, याडी. पोरगी नाही. तुमचं दार सताड उघडं, घरात कोनी नाही. हाका मारल्या, ओ नाही. मी मागच्या विहिरीत वाकून पाह्यलं."

बिजलीबाई तिच्याकडे वळली.

"दोनदा पाह्यलं. दुसऱ्यांदा पाह्यलं तं पानी हालून राह्यलं होतं. मले वाटलं..." तिनं ओठ दाबून धरले. "आन् मंग तुमी दोघी हसत आल्या."

बाहेर अभ्यासाचे तास आणि सुट्टीचे महिने चालले होते. बिजलीबाईला सुनेचा राग आलेलाच होता, तो गेला नाही. पण त्या रागाखाली तिला आता ती विहीर दिसत होती, आणि वाकलेली ही पोर दिसत होती. ही, म्हणजे जया. लग्न होऊन आली तेव्हा हिला नीट साडीसुद्धा नेसता येत नव्हती.

"मले काहून नाही सांगतलं हे?"

"तुमी इचारलं कुठं? मी रडून राह्यली होती, आन् तुमी म्हनल्या, एका परीक्षेसाठी एवढा तमाशा."

ते खरं होतं. ती तसंच म्हणाली होती.

बाहेर धावजीचा आवाज आला, निकालाचा, सावकाश. "तं पंचायचा शब्द असा. बुधवार आन् रविवार, पाच ते सात, लेकरं आजाआजीकडं. बाकी दिवस मायबापाकडं, अभ्यास. कोनी कोनाच्या वेळात हात घालाचा नाही. जो शब्द मोडन त्यानं पुऱ्या तांड्याले जेवन घालाचं. हाय कबूल?"

"कबूल," अमरसिंग म्हणाला.

"कबूल," संजय म्हणाला.

"मले नाही कबूल."

बिजलीबाई उंबरठ्यावर उभी होती. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता, आणि तो सावरायचं तिच्या ध्यानात नव्हतं. ओट्यावरच्या सगळ्या मुंड्या वळल्या.

"घरात जा," अमरसिंग म्हणाला.

"जाते. बोलून जाते. मले वार नको."

"अवं बाई," धावजी समजुतीनं म्हणाला, "निकाल तुह्याच अंगानं झाला."

"माह्या अंगानं? माहं होतं तेच कापून माह्याच हातात दिलं तुमी, नायक. पोट्टी येते तवा मी कधी भाकर थापते, कधी न्हाते, कधी झोपेल असते. येते, डब्यातल्या शेंगा काढते, दोन गोष्टी सांगते, जाते. कधी येते आन् एका सबदानं बोलत नाही, नुसती पाठीले पाठ लावून बसते. शाळेत कोनी काही बोललं असन त्या दिवशी. ते बुधवारीच बोलन का तिले कोनी? बाकी दिवशी तिनं ते घेऊन कुठं जाचं?"

भारत म्हणाला, "याडी, तुह्यासाठीच तं आलो मी एवढ्या दुरून."

"तू नको बोलू. तुही पोरं येतेत दिवाळीले. मी साखर आनते, नवी चादर टाकते. पाया पडतेत, आन् चार दिवस सांगा लागते मले, मी कोन हाय ते. ओळख होते तं तुही गाडी निघते. तेही माहेच हाय, त्यायचं मले दुःखच हाय. पन तुमी तं समोरच्या पोरायले बी पांढरकवड्याले नेऊन ठेवलं आज."

भारतचा चेहरा उतरला. संजय खाली पाहत होता. अमरसिंगला मात्र बायकोचं म्हणणं ऐकूच आलं नव्हतं. सगळ्या तांड्यापुढे तिनं त्याचा जिंकलेला निकाल झिडकारला, एवढंच त्याला दिसत होतं.

"तुले अक्कल हाय का? मी मान खाली घालून मागितलं पंचायले, आन् तू थुंकून राह्यली त्याच्यावर."

"तुमाले इचारून मागितलं का मी? लेकरं घरात येतेत तवा तुमी असता कुठं? चहाच्या टपरीवर. असले घरी, तं 'गलका नका करू' म्हनून हाकलता. आन् हक्क मागाले फेटा बांधून आले."

ती आत वळली नाही, पायऱ्या उतरून चालू लागली. तिच्या मागोमाग जया निघाली. तिनं कोणाला काही म्हटलं नाही, नवऱ्यालाही नाही. दोघी अंतर ठेवून, एकमेकींशी न बोलता, एकाच वाटेनं घरी गेल्या.

"निकाल झाला तो झाला," मागे धावजी म्हणत होता.

*

बुधवारी बिजलीबाई विळा घेऊन दुपारीच सोयाबीन निंदायला निघून गेली. "पाचले लेकरं येतीन," अमरसिंग म्हणाला. "तुमचा वार हाय, तुमी सांभाळा," ती म्हणाली.

त्यानं अंगणात बाज टाकली, धुतलेलं धोतर नेसलं आणि वाट पाहत बसला. बरोबर पाचला संजय दोघांना सोडून गेला. राखीची वेणी घट्ट घातलेली, तिच्या धाकट्या भावाच्या, आयुषच्या तोंडाला पावडर, दोघांचे कपडे इस्त्रीचे. दोघं बाजेच्या कडेवर बसली, पाय जुळवून.

"शाळा कशी चालली?" अमरसिंगनं विचारलं.

"चांगली," राखी म्हणाली.

"तुही?"

"चांगली," आयुष म्हणाला.

"जेवले?"

"हो."

पुढे काय विचारायचं ते अमरसिंगला सुचेना. यांच्याशी एरवी आपण काय बोलायचो, हे त्यानं आठवून पाहिलं. काहीच नाही. तो झोपलेला असायचा आणि हा आयुष त्याच्या पोटावर चढायचा, तो शिवी घालायचा, पोरगा पळायचा, परत यायचा. राखी त्याची चिलीम लपवायची. मग तो ओरडायचा आणि ती चुलीमागे बसून हसायची. एवढंच. त्यात ठरवून केलेलं काही नव्हतं, म्हणून आज ठरवून त्यातलं काही करता येत नव्हतं.

"दादी कुठं हाय?" राखीनं विचारलं.

"निंदाले गेली."

"आमी जाऊ तिकडं?"

"नाही. पंचायनं हितं सांगतलं हाय."

राखीनं मान हलवली. ती शहाणी मुलगी होती, आणि आज तर आईनं बजावून पाठवलं होतं. आयुष बुटाच्या टोकानं माती उकरत होता. बूट खराब होतील म्हणून राखीनं त्याला कोपर मारलं. गल्लीतून दोन पोरं टायर फिरवत गेली. आयुष त्यांच्याकडे पाहत राहिला, आणि मग त्यानं आजोबांना विचारलं, "दादा, सात वाजले का?"

अमरसिंगच्या मस्तकात तिडीक गेली. "बस गपचूप," तो खेकसला. आयुषचा खालचा ओठ थरथरला. पण तो रडला नाही, पाहुण्याच्या घरी लेकरं रडत नाहीत तसा. ते पाहून म्हाताऱ्याला रडू फुटायची वेळ आली. राग कोणावर काढावा ते त्याला कळेना. धावजीवर काढावा, तर मागितलं त्यानंच होतं. बायकोवर काढावा, तर तिनं तेव्हाच सांगितलं होतं.

तरी त्यानं पोरांना लवकर सोडलं नाही. शब्द म्हणजे शब्द. तिघंही सातपर्यंत बाजेवर बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी तो फेटा न बांधता धावजीकडे गेला.

"नायक, तो निकाल मागं घ्या."

धावजी सोयाबीनला फवारायचा पंप दुरुस्त करत होता. त्यानं मान वर केली नाही. "कसा घेऊ? तुमी कारभारी होते तवा एक मानूस आला होता असाच, सोयरीक मोडल्याचा निकाल फिरवा म्हनून. तुमीच त्याले हाकललं. नसाबचा शब्द फिरवला तं उद्या कोन मानन, म्हनाले तुमी."

"म्हनलो होतो."

"मंग?"

मग काय? अमरसिंग घरी आला. बायकोनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

*

शुक्रवारी संध्याकाळी जया राखीला अपूर्णांक शिकवत होती. म्हणजे शिकवून झालं होतं. आता ती तेच ते पुन्हा विचारत होती आणि राखी तेच ते पुन्हा चुकत होती. जया सातवीच्या पुढे शाळेत गेली नव्हती. हे सगळं ती रात्री संजय झोपल्यावर पोरीच्या पुस्तकातून स्वतः शिकली होती.

"छेद सारखा कर आधी. किती वेळा सांगतलं?"

"केला ना."

"हा सारखा हाय?"

राखीनं पेन्सिल टेबलावर ठेवली. "मले नाही येत. मले नाही जायचं नवोदयले. मले तिथं राहाचंच नाही."

"काय म्हनली?"

"तिथं कोनीच नाही आपलं. इथं बी नाही आता."

जयाचा हात वर गेला. तो वर गेलेला तिनं पाहिला. आयुष कोपऱ्यात भिंतीला चिकटून उभा राहिलेला तिला दिसला. या पोरांवर तिनं आजवर हात टाकला नव्हता. स्वतः इतका मार खाल्ला होता की पोरांना लावायचा नाही असं तिनं लग्नाआधीच ठरवलं होतं. आणि हात खाली येत नव्हता.

तिनं त्याच हातानं राखीचं मनगट धरलं, तिला उठवलं, ओढत गल्ली ओलांडली आणि सासूच्या घरात नेऊन उभी केली.

"धरा हिले. नाही तं आज माह्या हातून मार खाईन."

बिजलीबाई लसूण निवडत बसली होती. तिनं नातीकडे पाहिलं, मग सुनेकडे. जागची उठली नाही.

"आज शुक्करवार हाय."

"मले माहीत हाय कोनता वार हाय ते."

"तांड्याले जेवन घालावं लागन."

"घालीन. पुऱ्या तांड्याले घालीन. तुमी हिले धरा."

बाजेवर अमरसिंग पडला होता. नसाबचा शब्द त्याच्या डोळ्यांदेखत मोडत होता, आणि तो भिंतीकडे तोंड करून झोपला.

"मारलं का तिले?" बिजलीबाईनं विचारलं.

"नाही. मारनार होती."

"कायच्यापायी?"

"अपूर्णांक."

"तुले येते ते?"

"येते."

"मंग तिले बी येईन. आज नाही आलं तं उद्या येईन." आवाजात मऊपणा काही नव्हता. तिनं सूप राखीपुढे सरकवलं. "बस. लसूण सोल." राखी हुंदके देत खाली बसली, आणि हुंदक्यांतच तिनं पहिली पाकळी हातात घेतली.

जया अजून दारात उभी होती. तिनं पदर मुठीत धरला होता.

"आन् आयक," बिजलीबाई लसणाकडे पाहत म्हणाली, तावातावानं, जणू भांडण पुढे चालूच होतं. "मी पोरीले कुठं नेलं तं तुले हाक मारून नेईन. तुह्या दारात उभी राहून. जीव टांगनीले नाही लावनार तुहा. पन फोन मी करनार नाही. मेली तरी नाही."

"नका करू. हाक मारा." जयाही तावातच बोलली.

"मारीन."

"मंग मारा."

जया वळली. उंबरठ्यावर थांबून तिनं विचारलं, आणि विचारल्यावर तिलाच आपल्या जिभेचा राग आला, "किती वाजता पाठवान हिले?"

बिजलीबाईच्या हातातला लसूण तसाच राहिला. तिनं तोंड उघडलं, पण तिच्या आधी राखी बोलली. नाक पुसत, मान वर न करता.

"मी येईन ना माही मी. समोरच तं हाय."